ओरिनबासारचं शिंगरू आणि भाच्याची तिसरी मागणी

ओरिनबासारच्या घरात एकही वस्तू धड नव्हती, आणि हे त्याने मोठ्या कष्टाने साधलं होतं. टीव्हीच्या कोपऱ्यात चिकटपट्टी होती, पण काच कुठेही तडकलेली नव्हती. सायकल नवी होती, पण तिच्यावरचा चिखल तो कुणाला धुऊ देत नसे. उन्हाळ्यात चिखल वाळून पडायला लागला, की स्वतः पाटाच्या कडेने एक चक्कर मारून ताजा लावून आणायचा. बायकोने, नेसिबेलीने, एकदा हौसेने सोनेरी काठाचे चहाचे वाडगे आणले. त्यांच्या काठाचा थोडा थोडा टवका उडवावा म्हणून तो चमचा घेऊन बसला, तेव्हा ती म्हणाली, "आधी तुमच्या टाळक्याचा उडवते." वाडगे तेवढे वाचले.

या सगळ्याचं कारण एकच होतं आणि त्याचं वजन शंभर किलोच्या पुढे होतं. तोलेगेन. ओरिनबासारच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

भाचा लाडाचा असतो हे कुणाला सांगायला नको. पण आमच्या तराझ शहराकडे हा लाड कायद्यात बसवलेला आहे. आजोळच्या घरातली कुठलीही वस्तू भाच्याने मागावी आणि मामाने द्यावी. आयुष्यात तीन वेळा. मग ते मेंढरू असो, खोगीर असो की अंगावरचा कोट असो, 'नाही' म्हणायची सोय नाही. भाच्याचं मन मोडणाऱ्या मामाचे हात कापायला लागतात, असं म्हातारे सांगत आले आहेत. एखादा मामा मास्तर असेल तर एक वेळ चालून जाईल. कापऱ्या हाताने पाढे लिहिता येतात. ओरिनबासार भिंतींना भोकं पाडून पोट भरणारा माणूस. पडद्यांचे दांडे, स्वयंपाकघरातली कपाटं, आरसे, गालिचे हे सगळं तो भिंतीवर चढवायचा. त्याचा हात कापला तर गिऱ्हाइकाचा पडदा शेजाऱ्याच्या घरात निघायचा.

तोलेगेनने पहिली मागणी केली ती सहा वर्षांचा असताना. मामाचा वळणदार शिंगांचा मेंढा बोट दाखवून मागितला आणि जत्रेतला फुगा न्यावा तसा नेला. दुसरी मागणी लग्नात. मामाची बाजूच्या डब्याची मोटरसायकल. वरात तिच्यावरूनच गेली आणि मामा मागून चालत गेला. त्यानंतर आजवर तिसरी झाली नव्हती. तोलेगेन आता चाळिशीला टेकला होता, स्वतःचा फर्निचरचा धंदा करत होता. पण कुठल्याही समारंभात, ताटातलं मांस संपवून बोटं पुसताना, तो मामाच्या खांद्यावर हात टाकून प्रेमाने म्हणायचा, "मामा, तिसरी राखून ठेवलीय हां."

आणि मामाच्या घशात बावरसाक अडकायचा. तोही तुपात तळलेला, कणकेचा मऊ गोळा.

अशा माणसाला एक चांगलं ड्रिल घ्यायची वेळ आली, इथून गोष्ट सुरू होते.

त्याच्याकडे एक ड्रिल होतं. 'गाढव' म्हणायचे त्याला सगळे, कारण तोच म्हणायचा. कारखान्यातलं जुनं धूड. लोखंडी अंग, तान्ह्या पोराएवढं वजन, आणि ठिकठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेली लांबलचक वायर. सुरू व्हायच्या आधी ते खोकायचं. कधी कधी डाव्या अंगाला एक थप्पड लागायची, मग चालायचं. ओरिनबासार शिडीवर चढला, की एका झटक्यात ती वायर डाव्या खांद्यावरून पाठीमागे टाकायचा आणि शिव्या सुरू करायचा. शिव्यांत गाढवाचा बाप, कारखाना, वायर आणि शेवटी स्वतःचं नशीब, असा क्रम ठरलेला होता.

पण नदीकडे नव्या इमारती उठल्या आणि तिथलं काम बघणाऱ्या राइखान बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "ओरेके, एका अख्ख्या जिन्याचं काम तुम्हाला देते. त्यावरच्या सगळ्या घरांचे पडद्यांचे दांडे आणि कपाटं. सोमवारी सुरू करा. फक्त एक, वीज अजून जोडलेली नाही. तपासनीस सही करतील तेव्हा येईल."

"तपासनीस कधी येतील?"

"वीज आली की."

आमच्याकडे ज्याचा मान मोठा त्याचं नाव छोटं. ओरिनबासारचं 'ओरेके' झालं तेव्हाच त्याने ओळखलं होतं की पुढे काहीतरी अवघड येणार. गाढवाला वीज लागते. बॅटरीवरचं ड्रिल नसेल तर जिना दुसऱ्याचा. आणि एवढं मोठं काम त्याच्याकडे चालून यायची ही पहिलीच वेळ. बाकी आयुष्य एका वेळी एका दांड्यावर चाललेलं.

"माझ्याकडे आहे ना बॅटरीवरचं," तो म्हणाला. आणि घरी येताना स्वतःशी म्हणाला, 'शाबास. खोटं बोलायला तुला वायर लागत नाही.'

मग त्याने चौकशा सुरू केल्या. न्हाव्याला विचारलं. बसच्या ड्रायव्हरला विचारलं. मशिदीबाहेर चपला घालता घालता मुल्लांना विचारलं, ते म्हणाले, "वॉरंटी बघा, बाकी अल्लाच्या हातात." निम्म्या तराझला विचारून झाल्यावर तो प्रत्येकाला बजावायचा, "फक्त तोलेगेनच्या कानावर जाऊ देऊ नका." म्हणजे ज्यांना तोलेगेन कोण हे माहीत नव्हतं, त्यांनाही ते कळलं.

बाजारात इस्खार नावाच्या, दुंगान जमातीच्या माणसाचं दुकान आहे. जहाजावरच्या लोखंडी पेटीत थाटलेलं. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फाची पेटी. खाली जमिनीवर एक वीट, एक फिकट ब्लॉक, एक लाकडी फळी आणि एक काँक्रीटचा तुकडा, गिऱ्हाइकांनी भोकं पाडून पाडून चाळण केलेले. ओरिनबासार आत शिरला आणि त्याने ड्रिलं बघायला सुरुवात केली ती आमचे लोक घोडा बघतात तशी. आधी लांबून. मग बाजूने. मग जबडा उघडून आत बोट घालून.

"दात मोजताय का, ओरेके?" इस्खार म्हणाला.

"तीन आहेत."

"सगळ्यांना तीनच असतात."

"तरी मोजलेले बरे. माझे सासरे न मोजता मुलगी द्यायला तयार झाले, आता पस्तावतात."

पहिलं होतं ते मोठं, काळंभोर, बघूनच दरारा वाटावा असं. ओरिनबासारच्या मनात ते भरलं. ते हातात धरून राइखान बाईंसमोर आपण कसे दिसू याचं चित्र त्याने रंगवलं, आणि त्या चित्रात आपलं पोट जरा आतही घेतलं. इस्खारने त्याच्यासमोर चहाचा वाडगा ठेवला.

"डोक्याच्या वर धरा, छताकडे तोंड करून. हा चहा पिण्याइतका गार होईपर्यंत खाली आणायचं नाही."

"एवढंच?"

चहा अजून वाफाळत होता, तेवढ्यात काळ्या ड्रिलची मान डुलायला लागली. मग ओरिनबासारचं कोपर. मग त्याची टोपी घसरून डोळ्यांवर आली.

"वजन काट्यावर बघायचं नसतं, शिडीवर बघायचं असतं," इस्खारने ते काढून घेतलं. "ह्याची ताकद आहे, पण ती तुमच्याकडे हवी ना. दिवसभर दांडे लावायचेत तुम्हाला."

"घोडा चांगला आहे," ओरिनबासार खांदा चोळत म्हणाला, "स्वार बदलावा लागेल."

दुसरं हलकं होतं आणि स्वस्त होतं. जबडा प्लॅस्टिकचा. ओरिनबासारने त्यात बिट घट्ट केलं, सोडलं, पुन्हा घट्ट केलं. तिसऱ्यांदा ते लटपटलं. "हे वर्षातून एकदा आजोबांचा फोटो टांगणाऱ्यांसाठी," इस्खार म्हणाला. "रोज राबवलंत तर वर्षभरात याचाच फोटो टांगाल."

तिसरं मध्यम होतं. धातूचा जबडा, बाजूला दुसऱ्या हाताने धरायला दांडी, आणि आतल्या मोटरला कार्बनच नाहीत, त्यामुळे ते झिजायचा, ठिणग्या उडायचा, जळका वास यायचा प्रश्न नाही. ओरिनबासारने ते हातात घेतलं आणि त्याला ते एकदम गप्प बसलेल्या शहाण्या जनावरासारखं वाटलं. त्याने विटेवर टोक टेकवलं आणि दाबलं. मशीन सुरेल फिरायला लागलं. तो दाबत राहिला. विटेतून धूर आला. त्याने अंगाचा भार टाकला. आणखी धूर आला. भोक काही येईना.

"अरे, यात दम नाही!"

इस्खारने हात लांबवून जबड्यामागची कडी अर्धा वळसा फिरवली. "तुम्ही नुसतं फिरवताय. ठोका बंद आहे. लाकडाला, टाइलला ठोका बंद ठेवायचा. विटेला चालू करायचा."

ओरिनबासारने पुन्हा दाबलं आणि टोक विटेत असं शिरलं जसा पाहुणा जेवणात शिरतो.

"माझंही असंच आहे," तो म्हणाला. "आयुष्यभर आवाज चालू, ठोका बंद."

त्याने तेच घेतलं. बांधून देताना इस्खारने दोन गोष्टी सांगितल्या. एक, काँक्रीटच्या तयार पॅनेलच्या जुन्या इमारतींमध्ये हे न्यायचं नाही. "ते काँक्रीट हे नुसतं गुळगुळीत करून देईल. तिथे तुमचं गाढवच. ते टाकू नका." आणि दुसरं, काम झालं की ही बाजूची कळ मधोमध ठेवायची, म्हणजे बोटाखालच्या घोड्यावर चुकून दाब पडला तरी मशीन सुरू होत नाही.

"पन्नाशी उलटली माझी," ओरिनबासार म्हणाला. "कळ कुठे ठेवायची ते मला कळतं."

डब्यात बॅटरी एकच होती. दुसरी स्वतंत्र घ्यायची, ती एकच शिल्लक होती, आणि त्याच्याजवळ तेवढे तेंगे त्या दिवशी नव्हते. "शनिवारी येतो, ठेवून दे." शनिवारी तो गेला तर इस्खार मान खाली घालून म्हणाला, "काल एक जण घेऊन गेला. मला नाही म्हणता आलं नाही. आता अल्माटीहून येईल, दोन आठवड्यांत."

राइखान बाईंच्या जिन्यात चार्ज करायलाही वीज नव्हती. एका बॅटरीवर फार तर दुपारच्या जेवणापर्यंत काम. त्यानंतर काय, शिडीवर बसून बायकोची आठवण काढायची?

तरीही नवं ड्रिल घरात आलं होतं, आणि त्याने त्याचं नाव 'शिंगरू' ठेवलं. आता प्रश्न लपवायचा. नेसिबेलीला सांगून उपयोग नव्हता, कारण ती भाच्याशी खोटं बोलत नसे. तिच्या मते खोटं बोलायला नवरा पुरेसा होता. ती बाहेर गेल्याचं बघून त्याने कपाटावरची सगळ्यात मोठी, पाहुण्यांना टेकायला द्यायची लोकरीची उशी घेतली. तिची बटणं काढली, शिंगरू बॅटरीसकट मधोमध झोपवलं, वरून लोकर सारखी केली आणि बटणं लावली. घरात इतक्या जागा असताना त्याने पाहुण्यांचीच उशी का निवडली, हे त्याने नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. विचारणाराही तोच आणि उत्तर देणाराही तोच; दोघांत मिळून बॅटरी एकच.

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली.

"मामा! मामी! आहात का जिवंत?"

तोलेगेन दारातून आत आला, म्हणजे आधी त्याचं पोट आलं, मग तो. त्याने मामीला मिठी मारली, मामाला उचलून पुन्हा खाली ठेवलं. नेसिबेली हरखली. तिने चादर अंथरली, बावरसाकांचा ढीग ओतला, लोणी मांडलं, सोनेरी काठाचे वाडगे काढले. भाच्याला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं आणि कपाटावरून ती मोठी उशी ओढली.

"अगंबाई, किती जड झालीय! लोकर ओल धरून बसली वाटतं."

"ती नको!" ओरिनबासार ओरडला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. "तीत... पिसवा आहेत."

नेसिबेली सावकाश वळली. "माझ्या उशीत? पिसवा?"

"एक. एकच आहे. म्हातारी आहे."

"तीस वर्षांच्या संसारात माझ्या घरात पिसू निघाली नाही. निघालीच तर ती तुमच्या कोटातून आली असेल." आणि तिने ती उशी भाच्याच्या बाजूला इतक्या जोराने ठेवली, की ओरिनबासारने डोळे मिटले. काही झालं नाही. त्याने डोळे उघडले.

चहा सुरू झाला. तोलेगेन मांडी घालून ताठ बसला होता, अजून टेकला नव्हता. त्याने एक बावरसाक लोण्यात बुडवला आणि छताकडे बघत विचारलं, "मग मामा, घरात नवीन काय?"

"काही नाही. आपल्याकडे काय असणार नवीन? मीसुद्धा जुना."

"खरंच काही नाही?"

"काही नाही."

"अरेरे." तोलेगेनने खरंच वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "नवीन वस्तू बघायला मिळेल म्हणून मी तिची बायगाझी घेऊन आलो होतो. गाडीत आहे. आता परत न्यायची म्हणजे..."

नवी वस्तू पहिल्यांदा बघितली की रिकाम्या हाताने बघायची नाही, ही आमची दुसरी रीत. पोराचा नवा सदरा असो की नवी मोटार, बघणारा काहीतरी देतो, त्याला बायगाझी म्हणतात. शेजारणी आल्या की नेसिबेलीही सोनेरी काठाचे वाडगे याच आशेने बाहेर काढायची.

"बायगाझी?" ओरिनबासारचा आवाज चिरकला. "कसली?"

"काही विशेष नाही. छोटीशीच. चौकोनी. मुठीत मावते." तोलेगेनने वाडगा फुंकला. "रात्री चार्जही करून ठेवली होती."

ओरिनबासारचा हात वाडग्यासकट हवेत थांबला. म्हणजे हाच तो. 'काल एक जण घेऊन गेला' मधला एक जण. समोर बसून लोणी खातोय.

आता सांगा. 'आहे नवीन' म्हणावं, तर बॅटरी मिळते, पण शिंगरू समोर येतं, आणि तिसरी मागणी पंधरा वर्षं राखून ठेवलेला हा डोंगर त्याच्यावर बोट ठेवणार. 'नाही' म्हणावं, तर बॅटरी गाडीतून परत जाणार आणि उद्या दुपारी जिन्यात शुकशुकाट. ड्रिल नसलेली बॅटरी की बॅटरी नसलेलं ड्रिल? ओरिनबासारने आयुष्यात इतका विचार एकदम कधी केला नव्हता. कपाळावर घाम आला. कार्बन झिजल्याचा वासही आल्यासारखं वाटलं.

"मामा, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"लाल झालात."

"चहा गरम आहे."

"वाडगा रिकामा आहे," नेसिबेली म्हणाली.

यावर तोलेगेन हसला. आणि शंभर किलोच्या वरचा माणूस मनापासून हसतो तेव्हा तो जसा मागे रेलतो, तसा रेलला. कोपर उशीच्या मधोमध.

गुर्ररर्र!

नेसिबेली किंचाळली. उशी जिवंत झाल्यासारखी थरथरत होती. तोलेगेनने कोपर उचललं, आवाज थांबला. त्याने पुन्हा हळूच टेकवलं. गुर्रर्र.

"फ्रिज," ओरिनबासार म्हणाला.

"फ्रिज तिकडे आहे," नेसिबेली म्हणाली.

"मग माझं पोट."

तोलेगेनने आणखी एकदा कोपर दाबलं, कान लावून ऐकलं. "मामा, तुमच्या पोटाचा ठोका चालू आहे. विटेवरचा."

पुढे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओरिनबासारने उशी ओढून घेतली, बटणं काढली आणि हात घालून शिंगरू बाहेर काढलं. जबड्याभोवती अर्ध्या मेंढीची लोकर गुंडाळली गेली होती. एखाद्या मुल्लाची दाढी असावी तशी लोंबत होती. कळ मधोमध नव्हती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ती जिथे ठेवली होती, तिथेच होती.

"घे," तो म्हणाला, "बघ. हेच नवीन. म्हातारी पिसू."

तोलेगेन हसता हसता डोळे पुसत गाडीकडे गेला आणि बॅटरी घेऊन आला. दोन्ही हातांवर ठेवून त्याने ती पुढे केली, आणि एकदम गंभीर होऊन म्हणाला, "लाभू दे, मामा. हाताला यश येऊ दे. भिंती मऊ लागू देत."

ओरिनबासारने बॅटरी घेतली. त्याला गलबलून आलं, आणि त्याच क्षणी त्याने शिंगरू मांडीखाली सरकवलं. दोन्ही गोष्टी एकदम करता येतात, हे त्याला त्या दिवशी समजलं.

तोलेगेनने आपला वाडगा आडवा ठेवला. म्हणजे चहा पुरे. मग गुडघ्यांवर हात ठेवून त्याने घसा खाकरला.

"मामा, आता माझी तिसरी."

नेसिबेलीच्या हातातली किटली थांबली. ओरिनबासारच्या डोळ्यांसमोरून मेंढा गेला. मोटरसायकल गेली. राइखान बाई गेल्या, मागोमाग अख्खा जिना गेला. त्याने उजवा हात बघितला. कापत नव्हता. अजून.

"माग," तो म्हणाला.

"गाढव."

"काय?"

"तुमचं गाढव. ते वायरवालं." तोलेगेन पुढे सरसावला. "माझी सगळी कामं जुन्या पॅनेलच्या इमारतींत. दोन ड्रिलं जाळली तिथे. भिंत नुसती चकाकते, भोक पडत नाही. म्हटलं, मामाकडे नवं आलं, त्याला दुसरी बॅटरीही झाली, आता मामाचं अडणार नाही. गाढव मोकळं झालं."

ओरिनबासारने आनंदाने उडी मारायला हवी होती. शिंगरू वाचलं होतं, दोन बॅटऱ्यांसकट. तिसरी मागणी संपत होती, टीव्हीवरची चिकटपट्टी निघणार होती, सायकल धुतली जाणार होती. उडी मारण्याऐवजी त्याच्या तोंडून जे निघालं, त्याने तो स्वतःच चकित झाला.

"ते? त्या भंगाराचं काय करणार तू? हे घे ना!" मांडीखालून शिंगरू निघालं. "हे बघ, जबडा धातूचा. तीन दात, मी मोजलेत. मोटरला कार्बन नाहीत, ठिणगी नाही, वास नाही. बाजूला दांडी. वॉरंटी आहे, मुल्लांनी सांगितलंय. उचलून बघ, चहा गार होईपर्यंत धरता येतं!"

"नको, मामा."

"कळ मधे ठेवली की झोपतं!"

"ते बघितलं मी. नको. गाढव."

"अरे, ते खोकतं. त्याला थप्पड मारावी लागते. वायर तर अशी, की तिच्यात वायर कमी आणि पट्टी जास्त."

"मामा," तोलेगेन मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही नाही म्हणताय का?"

ओरिनबासारने नेसिबेलीकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल. ती बोलली.

"ते गाढव आपल्या घरी आलं कुठून, आठवतंय ना?"

आठवत होतं. कारखान्यात फिटर असलेले सादिरबाय मामा. ओरिनबासार तेव्हा सडपातळ होता आणि त्याच्याकडेही एक तिसरी मागणी शिल्लक होती. मामांनी ते धूड कोठारातून आणून दिलं होतं, आणि मग वायर सोडायला जरा जास्तच वेळ लावला होता. वायर अडकली असेल, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

तो उठला. बाल्कनीत गेला. गाढव कोपऱ्यात होतं, वरून एक जुनं पोतं टाकलेलं, थंडीत आखडू नये म्हणून. रोज शिव्या देणारा माणूस रोज ते पोतं कशासाठी टाकतो, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, म्हणून बरं. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि भाच्याच्या पुढ्यात ठेवलं. मग मुलगी सासरी पाठवताना आई सुरू होते, तसा सुरू झाला.

"थंडीत आधी थोडं रिकामं फिरव. खोकलं तर घाबरू नको. डाव्या अंगाला थप्पड, उजव्या अंगाला मारायची नाही, ते रुसतं. ओल्या हाताने धरू नको, चावतं. ही पट्टी ढिली झाली की लगेच बदल. आणि शिव्या दे."

"शिव्या?"

"सवय आहे त्याला. गप्प राहिलास तर वाटेल, मालक आजारी आहे."

तोलेगेनने गाढव बगलेत मारलं. वायर गोळा करायला मामाला जरा वेळ लागला. नेसिबेलीने वाडग्यांतली उरलेली साय ढवळली.

"अडलं तर बोलवा, मामा," भाचा दारात म्हणाला. "पॅनेलच्या घरातलं काम आलं तर मी आणि गाढव दोघं येऊ. दिलेली वस्तू परत देता येत नाही, पण फिरायला आणता येते."

"आणि जेवायला घालावं लागेल."

"मला?"

"त्याला नाही, तुलाच."

सोमवारी राइखान बाईंच्या इमारतीत, खिडक्यांतून थंड ऊन येत असताना, ओरिनबासार शिडीवर चढला. शिंगरू हातात हलकं होतं. बाजूला दुसरी बॅटरी, भरलेली. कडी ठोक्यावर. त्याने टोक भिंतीला टेकवलं, आणि दाबण्याआधी, इतक्या वर्षांच्या सवयीने, डावा हात झटक्यात खांद्यावरून पाठीमागे फेकला.

हवेत काही नव्हतं. खाली उभ्या राइखान बाईंनी मान वर केली.

"काय झालं, ओरेके?"

"माशी," तो म्हणाला.

पहिलं भोक सुरेख पडलं. दुसरंही. शिव्या देण्यासारखं काहीच घडत नव्हतं, त्यामुळे काम जरा रटाळ चाललं. दुपारी त्याने बॅटरी बदलली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडून तोलेगेन धापा टाकत होता.

"मामा, सुरूच होत नाही! थप्पड मारली, डाव्या अंगालाच मारली."

"शिव्या दिल्यास?"

"दिल्या."

"कुणाच्या बापाच्या?"

"वायरच्या."

"क्रम चुकलास," ओरिनबासार शिडीवर नीट टेकून बसला. किती तरी दिवसांनी तो एखाद्या विषयातला जाणकार म्हणून बोलणार होता, आणि विषय हा असा होता. "आधी गाढवाच्या. फोन त्याच्या कानाला लाव. मी देतो."